पहिल्या मोठ्या सायफाय कॉनला जाताय? आधी काय सोडायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आयुष्यातलं पहिलंच मोठं सायन्स फिक्शन कन्व्हेन्शन आहे, पाच दिवसांचं, सोबत कोणी नाही, कार्यक्रमांची यादी बघूनच गरगरायला लागलंय, कॉस्प्ले (म्हणजे आवडत्या पात्रासारखा पोशाख) करायचाय पण धीर होत नाही आणि आवडत्या लेखिकेला भेटायचंय पण समोर गेल्यावर तोंडातून शब्द फुटेल का याची खात्री नाही. मी बरीच वर्षं कॉनना जातोय, त्यातली निम्मी तरी व्हॉलंटियर म्हणून गेली, रजिस्ट्रेशनच्या टेबलामागे बसण्यात, खुर्च्या उचलण्यात नि दारात उभं राहून "हॉल भरला, दुसरीकडे बघा" असं सांगण्यात. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या कॉनला मी एक्सेल शीट बनवून नेली होती. रंगीत! सकाळी दहा ते रात्री दहा, एकही चौकोन रिकामा नाही, दोन पॅनेलच्या (म्हणजे चर्चासत्रांच्या) मधल्या दहा मिनिटांत जिना, पाणी, बाथरूम सगळं बसवलेलं. पहिला दिवस पळत काढला, दुसरा फरफटत, आणि तिसऱ्या दिवशी ताप भरून खोलीत पडलो, तिकडे मास्करेड, म्हणजे पोशाखांची स्टेजवरची स्पर्धा, चालू आणि मी इकडे छताकडे बघतोय. आज त्या शीटमधलं एक पॅनेल धड आठवत नाही. आठवतं ते हे, की दुसऱ्या दिवशी एका हॉलमध्ये जागा मिळाली नाही म्हणून बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसलो, शेजारी आणखी एक जण तसाच परत पाठवलेला, आणि आम्ही दीड तास यावर भांडलो की पिढ्यानपिढ्या प्रवास करणाऱ्या यानात जन्मलेली माणसं महिना कशाला म्हणतील, चंद्र तर त्यांच्यातल्या कोणी पाहिलेलाच नाही. तो माणूस अजून माझा मित्र आहे, भांडण पण अजून मिटलेलं नाही.

तर माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. काय बघायचं याची यादी कोणीही करतं, काय सोडायचं हे घरी बसून ठरवून निघा, कारण तिथे गेल्यावर ते ठरवण्याइतकं डोकं शाबूत राहत नाही.

पण त्याआधी तुम्ही नक्की कुठल्या प्रकारच्या कॉनला चाललाय ते बघा, कारण "मोठं" या शब्दात भलते वेगवेगळे प्राणी येतात. एक म्हणजे फॅन्सनी चालवलेलं, वर्ल्डकॉनसारखं. हे १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा भरलं, तेव्हा जेमतेम दोनेकशे लोक होते, महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ बंद होतं आणि नंतर दरवर्षी वेगवेगळ्या शहरात भरत आलंय. काही हजार माणसं येतात. दुसरा प्रकार म्हणजे १९७० साली सुरू झालेलं सॅन डिएगो कॉमिक-कॉन, तिथे लाखाच्या वर गर्दी, स्टुडिओंच्या घोषणा, आणि एकेका हॉलसाठी आदल्या रात्रीपासून रांग. अटलांटाचं ड्रॅगन कॉन १९८७ चं, ते आकाराने अवाढव्य पण स्वभावाने पुष्कळसं फॅन लोकांचंच. फरक कशासाठी सांगतोय, तर पहिल्या प्रकारात तुम्ही प्रेक्षक नसता, सभासद असता. वर्ल्डकॉनला तिकीट नसतं, मेंबरशिप असते, आणि तिथे पॅनेलवर बोलणारे, दारात उभे असलेले, दिवे लावणारे बहुतेक सगळे मेंबरच, त्यांना पगार नाही. म्हणजे रजिस्ट्रेशनच्या रांगेत उशीर झाला तर समोरच्या माणसावर डाफरू नका, तो स्वतःची रजा टाकून तुमचा बॅज शोधतोय.

मेंबरशिप घेतलीच आहे तर वर्ल्डकॉनच्या बाबतीत एक फायदा लोक विसरतात. ह्यूगो पुरस्कार. १९५३ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, नाव ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकावरून, आणि मतं देतात ती मेंबर मंडळीच. शेवटच्या यादीत आलेल्या लिखाणातलं बरंचसं मतदारांना वाचायला डिजिटल स्वरूपात मिळतं, त्यामुळे जायच्या दोन-तीन महिने आधीपासून वाचत बसा, निदान कथा आणि लघुकादंबऱ्या तरी. याने तयारीचं निम्मं काम होतं बघा, कारण तिथे पाच दिवस लोक याच पुस्तकांवर बोलत असतात आणि तुम्हाला अनोळखी टोळक्यात घुसायला निमित्त मिळतं. "तुम्ही पहिला नंबर कोणाला दिला?" एवढा एक प्रश्न पुरतो, पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

हॉटेल. यावर कमी बोलतो, शक्य तितकं जवळ घ्या, बस्स. लांबचं स्वस्त हॉटेल कागदावर छान दिसतं, पण दुपारी अर्धा तास आडवं व्हायला खोलीवर जाता येत नसेल तर ते महागच पडलं म्हणायचं. कॉनने हॉटेलशी ठरवून ठेवलेल्या खोल्या उघडल्या की भराभर जातात, म्हणून ती तारीख लिहून ठेवा. रात्रीच्या पार्ट्या ज्या मजल्यावर असतात तो मजला झोप प्यारी असेल तर टाळा, बुकिंग करताना शांत मजला मागता येतो. खोली कोणाबरोबर शेअर करणार असाल तर घोरण्याची चौकशी आधीच करून घ्या, लाजू नका, आणि कानात घालायचे बोळे तरीही न्याच.

आता वेळापत्रक, जे तुम्हाला गरगरवतंय. मोठ्या कॉनला एकाच तासाला दहा-पंधरा गोष्टी चालू असतात हे धरून चला, म्हणजे तुम्ही कितीही पळालात तरी नव्वद टक्के कार्यक्रम सुटणारच आहेत. हे एकदा मनाने घेतलं की खूप हलकं वाटतं. माझी पद्धत अशी की अर्ध्या दिवसाला एक गोष्ट पक्की. सकाळी एक, संध्याकाळी एक, की जी चुकली तर खरोखर वाईट वाटेल. बाकीच्या गोष्टींना कॉनच्या अ‍ॅपमध्ये खूण करून ठेवायची, पायात ताकद असेल तर जायचं, नसेल तर नाही. आणि पक्क्या गोष्टीला वीस मिनिटं आधी पोचायचं, कारण खुर्च्या संपल्या की भिंतीला टेकून उभं राहू देत नाहीत, आगीच्या नियमांमुळे वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात. दारात उभा राहून मी किती जणांच्या शिव्या खाल्ल्यात या नियमापायी! हॉल बदलतात, पॅनेलवरची माणसं आयत्या वेळी गळतात, म्हणून छापील वेळापत्रक देव मानू नका, रोज सकाळी बदलांची यादी बघत जा.

पॅनेल निवडताना विषय बघू नका, माणसं बघा. "मंगळावर वस्ती" हा विषय तुम्ही घरी बसून वाचू शकता, पण एक माती तपासणारी शास्त्रज्ञ, एक कादंबरीकार आणि एक स्थापत्य इंजिनिअर एका टेबलाशी बसून त्यावर वाद घालतायत हे घरी मिळत नाही. लेखक लोकांचे फोटोबिटो असलेले मोठे कार्यक्रम नंतर बहुतेक वेळा कुठे ना कुठे रेकॉर्डिंगमध्ये सापडतात, छोट्या खोलीतलं तीस माणसांचं पॅनेल कुठेच सापडत नाही. प्रश्न विचारायचा असेल तर प्रश्नच विचारा. "हा प्रश्न नाही, माझं एक मत आहे" अशी सुरुवात केली की अख्खा हॉल मनात कण्हतो, खरंच.

यात एका प्रकाराची मुद्दाम जाहिरात करतो, त्याला काफीक्लाच म्हणतात, काही ठिकाणी टेबल टॉक. एका टेबलाभोवती एक लेखक आणि जेमतेम आठ-दहा वाचक, तासभर गप्पा. नाव आधी नोंदवावं लागतं आणि जागा पटकन भरतात, तेव्हा नोंदणी कधी उघडते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तुमच्या लेखिकेला भेटायची हीच खरी जागा. स्वाक्षरीच्या रांगेत तुम्हाला तीस सेकंद मिळतात आणि मागे चाळीस माणसं चुळबुळत असतात.

रांगेतच भेटणार असाल तर एक वाक्य तयार ठेवा. एकच. "तुमची पुस्तकं खूप आवडतात" हे वाक्य लेखिका दिवसभर ऐकतात, हसून थँक्यू म्हणतात नि विसरतात. त्यापेक्षा "तुमच्या अमुक कथेत शेवटी ती दार उघडत नाही, मी दोन दिवस त्याचाच विचार करत होतो" असं काहीतरी ठोस सांगा, त्यांचा चेहरा बदललेला दिसेल. पुस्तकं दोन-तीनच न्या, बऱ्याच ठिकाणी एका वेळी तेवढीच सही करतात आणि जास्त असतील तर परत रांगेच्या शेवटी. नाव कसं लिहायचं ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकात घालून ठेवा. फॅन्सनी चालवलेल्या कॉनमध्ये लेखकांच्या सहीला सहसा पैसे नसतात, व्यावसायिक कॉनमध्ये नटनट्यांची सही आणि फोटो यांचे वेगळे पैसे असतात, ते आधी बघून बजेट करा. आणि स्वतःच्या कादंबरीचं बाड कोणाच्या हातात देऊ नका. जेवताना, लिफ्टमध्ये, बाथरूमच्या दारात गाठू नका. हे सांगावं लागतं कारण हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

कॉस्प्ले करा. घाबरण्यासारखं काही नाही, ही परंपरा पहिल्या वर्ल्डकॉनइतकीच जुनी आहे, १९३९ ला फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले होते आणि ते शिवले होते मर्टलबाईंनी. आज त्यावरून कोणी नाक मुरडणार नाही. फक्त पहिल्या वेळी पाचही दिवस नको, एकच दिवस ठेवा, आणि मधला ठेवा. घरी तो पोशाख घालून चार तास वावरून बघा, नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. बसता येतंय का, जिना उतरता येतोय का, बाथरूमला एकट्याने जाता येतंय का, पाणी पिता येतंय का, दोन्ही बाजूंचं दिसतंय का. शेपूट, पंख, मोठे खांदे असं काही असेल तर गर्दीत मागे लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं. सोबत छोटी पिशवी: सेफ्टी पिना, सुईदोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, झटपट गोंद. तुम्हाला नाही लागली तर दुसऱ्या कोणाला तरी लागेल आणि तुमची ओळख होईल, माझ्या निम्म्या ओळखी सेफ्टी पिनेवर झाल्यात.

हत्याराचे नियम वाचून घ्या, हे फार महत्त्वाचं. जवळपास प्रत्येक कॉनचे असतात आणि सारखे नसतात. सहसा खरं पातं चालत नाही, काही उडवणारं चालत नाही, आणि खोटी बंदूक किंवा तलवार दारात तपासून तिला पट्टी बांधून देतात, म्हणजे ती म्यानातून निघत नाही. रस्त्यावरून येताना तर ती पिशवीतच ठेवा, बाहेरच्या माणसाला ती खोटी आहे हे कुठून कळणार. स्टेजवरच्या मास्करेडमध्ये भाग घ्यायचा असेल तर आधी नाव द्यावं लागतं, तालीम असते, आणि नवख्यांचा गट वेगळा असतो, त्यामुळे पंधरा वर्षं शिवणाऱ्या माणसाशी तुमची तुलना होत नाही. तिथल्या नियमांत "पीनट बटर नको" असं वाचलंत तर हसू नका. १९७२ च्या वर्ल्डकॉनला एका पठ्ठ्याने पोशाख म्हणून अंगाला पीनट बटर थापलं होतं, ते दिव्यांच्या गरमीत वितळून दुसऱ्यांच्या कपड्यांना लागलं आणि वासही सुटला, तेव्हापासून हा नियम लोक अजून आठवणीने लिहितात.

फोटोचं एकच, आधी विचारा. कॉस्प्लेयरला हात लावू नका, कपडे कितीही भारी असोत. तुम्हाला कोणी त्रास दिला तर सहन करत बसू नका, आचारसंहिता आणि तक्रार करायचा नंबर कॉन आधीच देतं, तो फोनमध्ये सेव्ह करूनच घराबाहेर पडा. व्हीलचेअर, पुढची खुर्ची, सांकेतिक भाषा, गोंगाटापासून दूर शांत खोली, यातलं काही लागणार असेल तर महिनाभर आधी ईमेल करा. आयत्या वेळी आम्ही धडपडतो पण सगळं जमतंच असं नाही.

शरीराचं. कॉनवाल्यांमध्ये ५-२-१ म्हणून एक नियम आहे, रोज किमान पाच तास झोप, दोन वेळा नीट जेवण, एक आंघोळ. काही जण झोपेचे सहा धरतात. आणि हे किमान आहे हां, टार्गेट नाही. आंघोळीवर विनोद खूप होतात, पण तिसऱ्या दिवशी बंद खोलीत दोनशे माणसांबरोबर बसलात की विनोद राहत नाही. चालणं प्रचंड होतं, मोठ्या सेंटरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, त्यामुळे नवे कोरे बूट नेऊ नका, वापरलेले दोन जोड न्या आणि आलटून पालटून घाला. एसी भयंकर असतो, अंगावर काहीतरी घ्यायला ठेवा. पाण्याची बाटली, पॉवर बँक, खिशात पटकन खाता येईल असं काहीतरी. परत आल्यावर सर्दी-ताप येतो त्याला तिकडे कॉन क्रड असं नावच आहे, इतकं ते नेहमीचं. मास्क लावा, हात धुवा, आणि आधीच शिंकत असाल तर कृपा करून पहिल्या रांगेत येऊन बसू नका.

बॅगेबद्दल एवढंच की जाताना अर्धी रिकामी न्या. डीलर्स रूममध्ये, म्हणजे पुस्तकं नि वस्तू विकणाऱ्यांच्या हॉलमध्ये, पहिल्या दिवशी नुसतं फिरा, पैसे काढू नका, दुसऱ्या दिवशी जे अजून डोक्यात असेल ते घ्या. एकुलती एक जुनी प्रत वगैरे दिसली तर मात्र हा नियम मोडा, मी एकदा पाळला आणि अजून हळहळतो. आर्ट शोमध्ये बोली कागदावर लिहून लावतात, लिलाव कधी आहे, पैसे कधी भरायचे आणि वस्तू कधी उचलायची हे तीनही विचारून घ्या, शेवटच्या दिवशी घाईने निघालेल्या लोकांची चित्रं तिथेच राहतात. चित्रासाठी पुठ्ठ्याची नळी किंवा कडक फाइल घरूनच न्या.

आणि एकटं असणं. हे तुम्ही शेवटी लिहिलंय पण माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. यावर मला ठाऊक असलेला सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे व्हॉलंटियरिंग. पहिल्याच दिवशी व्हॉलंटियरच्या टेबलाशी जा नि म्हणा दोन-चार तास आहेत, काय करू. ते तुम्हाला बॅजच्या दोऱ्या ओवायला बसवतील किंवा दरवाजावर उभं करतील, आणि दोन तासांत चार जणांशी तुमची ओळख झालेली असेल, कारण हातात काम असलं की अनोळखी माणसाशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. लाजाळू लोकांसाठी यापेक्षा चांगलं काही नाही, मी स्वतः त्यातूनच आलोय. बरीच कॉन पहिल्यांदा आलेल्यांसाठी एक ओळखीचं सत्र ठेवतात, तिथे जा. बॅजवर फितीच्या पट्ट्या चिकटवायची पद्धत असते, पहिल्यांदा आलेल्यांची वेगळी मिळते, ती लावा. लोक मुद्दाम थांबून बोलतात.

रात्री पॅनेल संपली की खोलीत जाऊन फोन बघत बसू नका, निदान एक रात्र. पुढचं एखादं वर्ल्डकॉन आपल्या शहरात व्हावं म्हणून मतं मागणारे लोक पार्ट्या देतात, त्या सगळ्यांना खुल्या असतात. पिणं बंधनकारक नाही, कोणी बघतही नाही. मला पार्टीपेक्षा फिल्कची खोली आवडते. फॅन लोकांनी रचलेली गाणी, यानांची, ड्रॅगनची, मेलेल्या संगणकांची, गोल करून बसतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत आळीपाळीने गातात. फोक हा शब्द चुकून फिल्क असा टाइप झाला नि तेच नाव पडलं, १९५० च्या दशकातली गोष्ट. गाता येत नसलं तरी ऐकत बसा, कोणी उठवत नाही.

परतीचं तिकीट शेवटच्या दिवशी दुपारचं काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळचं काढा. शेवटच्या संध्याकाळी उरलेल्या लोकांची डेड डॉग पार्टी असते, सगळे थकलेले, पडद्यामागचे लोक पहिल्यांदाच खुर्चीत बसलेले, मोठमोठी नावंसुद्धा पाय पसरून गप्पा मारत असतात आणि कोणाला कुठे जायची घाई नसते. त्या रात्री झोपायच्या आधी एक काम करा, पाच दिवसांत ज्यांची कार्डं किंवा नंबर घेतलेत त्यांच्यापुढे एकेक ओळ लिहा, कुठे भेटलो, कशावरून बोललो. आठवड्याने तुम्हाला नुसती नावं दिसतील आणि यातला यानाच्या महिन्यावरून भांडलेला कोण आणि सेफ्टी पिन मागायला आलेला कोण हे काही केल्या आठवणार नाही.